जोडलेले हात, स्कूटर, दप्तर

क्षमावाणीच्या सकाळी राजश्री मगदूमने फोनमधल्या आपल्या सगळ्या ग्राहकांना एकच मेसेज पाठवला. त्या यादीत अरिहंत सदलगेचं नाव आहे, हे ती विसरली होती.

राजश्री निपाणीत विम्याचं काम करते, माणसांचा विमा आणि गाड्यांचाही. निपाणी, चिकोडी आणि आजूबाजूच्या गावांतले तिचे ग्राहक फोनमध्ये एका यादीत बांधलेले आहेत. संक्रांत, उगादी, दिवाळी, सगळ्या शुभेच्छा त्याच यादीवर जातात. दशलक्षण पर्व संपलं की जैन घरांतून एकमेकांची क्षमा मागितली जाते. तो मेसेजही दरवर्षी असाच जातो. ‘वर्षभरात कळत नकळत माझ्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा’ आणि पुढे जोडलेले हात.

सासरे होते तोवर ते या दिवशी धुवट धोतर नेसून घरोघर जायचे. ज्याच्याशी बांधावरून वाद झाला असेल त्याच्या दारात आधी. पुढे छापील कार्डं निघाली. मग बटणांचे फोन आले. त्यांत हातांचं चित्र नव्हतं, म्हणून राजश्री अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकायची. मान कलती करून बघितलं की हसरा चेहरा दिसायचा. क्षमा मागताना हसायचं कसं, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. त्यानंतर पिवळे हात आले आणि तो प्रश्न मिटला. आता तर चकाकणारे, हलणारे हात येतात. एकदा बोट टेकवलं की शेकडो घरांत पोचतात, आणि कुणाकुणाच्या घरात गेले हे बघायला कुणी थांबत नाही.

राजश्रीही थांबली नाही. ती बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, जाऊन आली. चहा ठेवला आणि आलेली उत्तरं बघू लागली. हात, हात, फूल, हात. मधेच ‘अरिहंत सदलगे गाडी’ हे नाव वर आलं. ज्याचा जो विमा, तो शब्द नावापुढे लिहून नंबर ठेवायची तिची पद्धत होती. त्यानेही आधी जोडलेले हात पाठवले होते. त्याखाली लिहिलं होतं, ‘कसली क्षमा आक्का?’ आणि त्याखाली एक हसरा चेहरा. दात न दाखवणारा, नुसती ओठांची रेघ वर गेलेला.

चहा उतू गेला तरी ती तशीच उभी होती.

गेल्या वर्षी, ऊसतोडीच्या दिवसांत, चिकोडी रस्त्यावर एका पांढऱ्या गाडीने मष्णूला उडवलं होतं आणि त्यात तो गेला होता. मष्णू मूळचा जांबोटीकडचा. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीवर राखणीला होता आणि सायकलवरून कामावर निघाला होता. राजश्री स्कूटरवरून मागे येत होती. गाडी थांबली. चालवणारा खाली उतरला. त्याने फोनचा उजेड मष्णूच्या तोंडावर मारला, मग मान वर करून राजश्रीकडे बघितलं, आणि परत जाऊन गाडीत बसला. तो अरिहंत होता. राजश्रीने त्याच संध्याकाळी पोलिसांना तसं सांगितलं. अरिहंतचं म्हणणं, गाडीत मी नव्हतोच, ड्रायव्हर होता. तो ड्रायव्हर तेव्हापासून सापडलेला नाही. चालवणाऱ्याचं तोंड बघितलेलं माणूस एकच होतं, राजश्री. कोर्टात तिची साक्ष पुढच्या आठवड्यात होती.

मेसेज काढून टाकावा असं तिला वाटलं. पण त्याने तो वाचला होता. काढला तर ती घाबरली हे त्याला कळणार. मग तिच्या दुसरीच गोष्ट लक्षात आली. यादीवर टाकलेला मेसेज सगळ्यांना पोचत नाही. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर ठेवलेला असतो, त्यालाच पोचतो. सदलग्यांनी दोन वर्षांपूर्वीच विमा दुसरीकडे नेला होता. तरी अरिहंतने तिचा नंबर जपून ठेवला होता. कुठल्या नावाने ठेवला असेल, हा प्रश्न तिच्या डोक्यातून दिवसभर गेला नाही.

संध्याकाळी तो घरी आला.

सासूबाई लक्ष्मीबाई सूर्यास्ताआधी जेवतात. त्या नुकत्या ताटावरून उठल्या होत्या. दार उघडंच होतं. या दिवशी जैन घराचं दार कुणी लावून घेत नाही. अरिहंत पांढरा सदरा घालून उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

“आज्जी, उत्तम क्षमा.”

“उत्तम क्षमा बाळा. ये की आत. कुणाचा म्हणायचा तू?”

“सदलग्यांचा. पार्श्वनाथअण्णांचा धाकटा.”

लक्ष्मीबाईंना कोर्टाचं माहीत होतं, नाव माहीत नव्हतं. घरात त्यांच्यासमोर ‘ती केस’ एवढंच बोललं जायचं. “पार्श्वनाथाचा व्हय! तुझी आज्जी आन् मी एका वर्गात हुतो. लई बडबडी. मास्तर तिला पट्टी मारायचे आन् रडायची मी. बस, बस.”

राजश्री स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात भाकरीचं पीठ तसंच होतं.

“आक्कांनी सकाळी क्षमा मागितली,” अरिहंत लक्ष्मीबाईंना म्हणाला. “म्हटलं, फोनवर काय द्यायची. घरी जाऊन द्यावी.”

“बघ, पोरगं किती शाणं हाय!” लक्ष्मीबाई सुनेकडे वळल्या. “पाणी दे गं त्याला. आमच्या वेळेला असंच असायचं. आता समदी फोनात बोटं घालून बसत्यात.”

राजश्रीने पाणी दिलं. त्याने तांब्या घेताना तिच्याकडे बघितलं नाही. तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. दिव्याचा, शाळेच्या गणवेशातला.

“पोरगी?”

“दिव्या,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “सातवीला हाय. हुशार हाय बघ लई. शाळा सुटली की गणिताच्या क्लासला जाती, साखरवाडीत. एकटीच जाती-येती. भीती म्हणून न्हाय तिला.”

“आई,” राजश्री म्हणाली.

“काय गं? खोटं हाय व्हय?”

अरिहंत उठला. त्याने पुन्हा हात जोडले, आधी लक्ष्मीबाईंना, मग राजश्रीला. “मी दिली हं आक्का क्षमा. आता तुम्हीबी मनात काय ठेवू नका. कोर्टात उभं राहून परत वैर कशाला काढायचं?”

तो गेल्यावर लक्ष्मीबाई दारापर्यंत जाऊन आल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “त्योच व्हय?”

“त्योच.”

“आन् म्या त्याला क्लास सांगितला.” त्यांनी भिंतीवरचा फोटो खाली काढून पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी राजश्री अक्कोळ रस्त्याला एका ग्राहकाकडे गेली. स्कूटर लावून आत जाऊन बसते न बसते तोच फोन वाजला. अरिहंतकडून एक चित्र आलं होतं. स्कूटर. शब्द एकही नाही.

ती बाहेर आली. समोर पानाची टपरी होती, दोन मोटरसायकली उभ्या होत्या, एक बाई चटईवर मिरच्या पसरत होती. ओळखीचं कुणीच नव्हतं. स्कूटर जागेवर होती.

चिकोडीत एका दुकानात तिच्या हातात चहाचा कप होता तेव्हा कपाचं चित्र आलं. कपातून वाफ निघत होती. तिने कप खाली ठेवला आणि दुकानदाराला पोटात दुखतंय असं सांगितलं. शनिवारी सकाळी बस्तीच्या पायऱ्या उतरताना देवळाचं चित्र आलं. सोमवारी दिव्याला शाळेच्या फाटकात सोडून ती मागे वळली आणि फोन थरथरला. लाल दप्तर. त्याच्या शेजारी दोन वेण्यांची हसरी मुलगी.

दिव्याला दोन वेण्या होत्या.

त्या दिवसापासून दिव्याचा क्लास बंद झाला. लक्ष्मीबाई तिला खिडकीपाशीही बसू देईनात. “मला काय झालंय?” दिव्या चिडून विचारायची. तिला कुणी उत्तर देत नव्हतं.

राजश्री पोलीस ठाण्यात गेली. सोबत नवरा गोमटेश होता. त्याचं शेतीऔषधांचं दुकान आहे आणि तो दुकानात जेवढा बोलतो तेवढाच बाहेर गप्प असतो. फौजदाराने फोन हातात घेतला, अंगठ्याने वर-खाली सरकवला.

“स्कूटर. चहा. देऊळ. दप्तर.” त्याने मान हलवली. “ह्यात धमकी कुठं हाय मॅडम?”

“मी जिथं असते तिथलं चित्र येतं साहेब. त्याच वेळेला येतं.”

“तुम्ही विम्याचं काम करता. स्कूटरचा विमा विचारत असंल.”

“आणि दप्तर?”

“पोरांचाबी विमा असतो की. असली चित्रं माझ्या मेव्हणीची पोरगी दिवसाला शंभर पाठवती. तिला आत घालू काय?” मागचा हवालदार हसला. फौजदाराने फोन परत दिला. “एक अक्षर जरी लिहिलं असतं त्यानं, तर मी बघितलं असतं. चित्राला कलम कुठलं लावू, सांगा. ब्लॉक करून टाका.”

बाहेर आल्यावर गोमटेश म्हणाला, “कर की ब्लॉक. बरोबर बोलला त्यो.”

“ब्लॉक केलं तर चित्रं थांबतील. बघायचं थांबणार न्हाय. आता निदान कुठं बघतोय ते तरी कळतंय.”

गोमटेश चालत राहिला. दुकानाच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. “राजश्री, एक ऐक. पोलिसांत सांगितलंस ते सांगितलंस. कोर्टात म्हण, अंधार होता, नीट आठवत न्हाय. खोटं बोलू नको. नुसतं आठवत न्हाय म्हण.”

“ते खोटंच झालं की.”

“मष्णू परत येणार हाय व्हय त्यानं?” त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “आपल्याला एकच पोरगी हाय.”

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं चित्र आलं. राजश्री घरातच होती, कपडे वाळत घालत होती. या वेळी चित्र ती होती तिथलं नव्हतं. एक सायकल होती, आणि तिच्या शेजारी पुन्हा ती दोन वेण्यांची मुलगी. राजश्रीने हातातला ओला गणवेश बादलीत टाकला. गोमटेशला दुकानात फोन केला आणि म्हणाली, “म्हणते मी. आठवत न्हाय म्हणते.”

कोर्ट लहान होतं. बाकं भरलेली होती. पुढच्या बाकावर मष्णूची बायको मालुबाई बसली होती. ती पहाटे जांबोटीहून निघून दोन बस बदलून आली होती. राजश्री आत आली तेव्हा ती उठून उभी राहिली, जशी एखाद्या वडीलधाऱ्यासमोर राहतात. राजश्रीने तिच्याकडे बघायचं टाळलं. अरिहंत दुसऱ्या बाजूला वडिलांशेजारी होता. त्याने आजही पांढराच सदरा घातला होता.

कामकाज कन्नडमध्ये चाललं. सरकारी वकिलांनी विचारलं, गाडीतून कोण उतरलं? राजश्री म्हणाली, एक माणूस उतरला. कोण? तिने पिंजऱ्याची कड धरली. “दिवस मावळला होता,” ती म्हणाली. “अंधार होता. नीट आठवत नाही.” सरकारी वकिलांनी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. तिने तिन्ही वेळा तेच सांगितलं. मालुबाईला कन्नड नीट कळत नसावं. ती अजूनही राजश्रीकडे आशेने बघत होती.

आरोपीच्या वकिलांना इथेच थांबता आलं असतं. पण पोलिसांपुढचं तिचं आधीचं म्हणणं कागदांत होतं, आणि ते कायमचं पुसून टाकायची संधी त्यांना दिसली. त्यांनी एक छापील कागद पुढे केला.

“क्षमावाणीच्या दिवशी आरोपीला तुम्ही हा मेसेज केला?”

“सगळ्यांना केला.”

“आरोपीला केला की नाही?”

“केला.”

“क्षमा मागितलीत. हात जोडलेत. म्हणजे आधी पोलिसांत त्यांचं नाव खोटं घेतलं होतं, त्याची ही क्षमा. बरोबर?”

“नाही. तो आमच्यात सगळ्यांना पाठवतात.”

न्यायाधीश बाईंनी कागद मागून घेतला. त्यावर फक्त राजश्रीचा मेसेज होता, वर-खाली कापलेला. “याच्या पुढचं काही आहे?” त्यांनी विचारलं.

वकील म्हणाले, अशिलाने एवढंच दिलं आहे. अरिहंतने पहिल्यांदाच मान वर केली.

“साक्षीदाराचा फोन कुठे आहे?”

फोन दाराबाहेर गोमटेशकडे होता. शिपाई तो घेऊन आला. राजश्रीने अंगठा लावून उघडला. बाईंनी तो स्वतः बघितला, मग परत तिच्या हातात दिला. “क्रमाने सांगा. टायपिस्टला लिहून घेता येईल असं सांगा.”

आरोपीचे वकील उठले. “चित्रं आहेत मॅडम. चित्रांना काय अर्थ आहे?”

“अर्थ मी विचारलेला नाही. काय दिसतं ते विचारलंय.”

“जोडलेले हात,” राजश्री म्हणाली. “मग, ‘कसली क्षमा आक्का’. मग हसरा चेहरा.”

टायपिस्टने ते टाइप केलं.

“स्कूटर.”

“तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“अक्कोळ रस्त्याला. स्कूटर लावून आत गेले होते.”

“पुढे.”

“चहाचा कप. मी चिकोडीत चहा घेत होते. देऊळ. बस्तीतून बाहेर पडत होते.” ती एकेक सांगत गेली. फोनवर बोटाच्या नखाएवढी असलेली ती चित्रं आता शब्द होऊन तिच्याच तोंडून बाहेर पडत होती, आणि टायपिस्ट ती कागदावर उतरवत होती. “दप्तर. आणि मुलगी.” तिने पिंजऱ्याची कड पुन्हा धरली. “माझ्या मुलीला शाळेत सोडून मी वळले होते.”

“शेवटचं?”

“कालचं आहे. सायकल आणि मुलगी.”

“सायकल कुणाची?” सरकारी वकिलांनी बसल्या जागेवरून विचारलं.

त्यांना गप्प बसायला सांगण्यात आलं. पण प्रश्न विचारून झाला होता. राजश्रीने मालुबाईकडे बघितलं. मग दाराकडे, जिथे गोमटेश उभा होता आणि मान हळूहळू नाही, नाही, अशी हलवत होता. जे घडू नये म्हणून ती खोटं बोलली होती, ते सगळं आता या खोलीत मोठ्याने बोलून झालं होतं. त्याहून अधिक लपवण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

“मॅडम, मी आधी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “अंधार होता, पण तोंड दिसलं. यांनीच फोनचा उजेड धरला होता. गाडीतून हे उतरले. अरिहंत सदलगे. माझ्याकडे बघितलं आणि परत जाऊन गाडीत बसले.”

न्यायाधीश बाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. आधी वेगळं का सांगितलं, असं विचारलं. राजश्रीने फोनकडे बोट केलं. मग बाई म्हणाल्या, हा फोन तपासासाठी कोर्टात जमा करावा लागेल. तयार आहात का?

चित्र आलं की कुठे धावायचं ते कळत होतं. ते आता कळणार नव्हतं. अरिहंत तिच्याकडेच बघत होता. या वेळी चेहऱ्यावर हसू नव्हतं, काहीच नव्हतं. बाईंनी पुन्हा विचारलं. राजश्रीने फोन बंद केला आणि शिपायाच्या हातात दिला.

पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. आवारात मालुबाईने तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “जेवलासा काय, बाई?” राजश्री हो म्हणाली. ती सकाळपासून जेवली नव्हती.

गोमटेशने स्कूटर काढली. शाळा सुटायला अजून वेळ होता, तरी दोघं सरळ शाळेकडे निघाली. वाटेत तो एकदाच बोलला.

“आता कळणार कसं गं, त्यो कुठं हाय ते?”

“आधी तरी कुठं कळत होतं,” राजश्री मागून म्हणाली. “त्यो सांगंल तेवढंच कळत होतं.”

फाटकासमोर रिक्षा, मोटरसायकली आणि पोरांना न्यायला आलेली माणसं उभी होती. त्यांतला कोण कुणाचा, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. घंटा झाली. आधी पहिली-दुसरीची पोरं बाहेर आली, मग मोठी. सातवीच्या मुली घोळक्याने आल्या आणि पांगल्या. त्यांत दिव्या नव्हती. रिक्षा एकेक करून निघाल्या. गोमटेशने स्कूटर तशीच सोडली आणि तो फाटकातून आत धावला. राजश्रीचा हात सवयीने फोनसाठी पर्सकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला.

दिव्या सगळ्यांत शेवटी आली, बापाचा हात धरून. तिच्या हातात दोन रुपयांचं चॉकलेट होतं, वेष्टण अर्धं उघडलेलं.

“कुणी दिलं?” राजश्रीने विचारलं.

“एका दादानं. तुला ओळखतो म्हणाला,” दिव्या म्हणाली.